शाळेचं नेट : कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या कामाच्या नोंदी, २०२५

९ एप्रिल २०२५, बुधवार

परवापासून उन्हाळ्याची सुट्टी लागणार म्हणून आजच जाऊन शाळा बघून आलो. जांबोटीहून कणकुंबीकडं जाताना आत वळावं लागतं, पहिली ते आठवी सरकारी मराठी शाळा. गावाचं नाव इथं लिहीत नाही, पुढं कुठल्या खोलीत काय बसवलं ते सगळं येणार आहे आणि ते गावासकट लिहिणं बरोबर नाही.

दोन इमारती आहेत. जुनी चिऱ्याची, कौलारू, दीड हात जाडीच्या भिंती, तिथं ऑफिस आणि पहिली ते चौथी. मैदानाच्या पलीकडं नवी स्लॅबची, तिथं वरचे वर्ग आणि लॅब. लॅबमध्ये आठ कॉम्प्युटर, गोव्यात आणि पुण्यात कामाला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी पैसे काढून दिलेले. फायबर दोन वर्षांपूर्वीच आलंय, त्याचा डबा हेडमास्तरांच्या खुर्चीच्या वर खिळ्याला टांगलाय. वायफायचा पासवर्ड शाळेचं नाव आणि पुढं १२३, तो ऑफिसच्या दाराच्या मागच्या बाजूला खडूनं लिहिलेला. संध्याकाळी कट्ट्यावर बसणाऱ्या पोरांना तो पाठ आहे.

त्या डब्याच्या, म्हणजे राउटरच्या, सेटिंगच्या पानाला कंपनीतनं आला तोच युजरनेम आणि तोच पासवर्ड, दोन वर्षांत कुणी बदललाच नाही, शिवाय बाहेरनं कुठूनही ते पान उघडायची सोय चालू ठेवलेली. ज्यानं बसवलं त्याला लांबून दुरुस्ती करायला सोपं पडावं म्हणून ठेवली असेल, पण ते दार सगळ्या जगाला उघडं आहे हे शाळेला कुणी सांगितलं नाही.

मग लॅबमधल्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसलो, नेटवर्कच्या खुणेवर क्लिक केलं तर ऑफिसचा कॉम्प्युटर दिसला, डी ड्राइव्ह शेअर केलेली, आत 'आधार झेरॉक्स' नावाचा फोल्डर. उघडला. पोरांचे आधार, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, एसएटीएसला, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी-नोंदणीच्या साइटला, भरायला स्कॅन करून ठेवलेले. हेडमास्तर माझ्या मागं उभे होते. म्हणाले, "हे पोरांना पण दिसतंय काय ओ?" म्हटलं, दिसतंय सर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग बाकावर बसले.

तिथंच ठरवलं, आधी ऑफिसचं आणि पोरांचं नेटवर्क वेगळं करायचं आणि मगच पोरांसाठी फिल्टर. सगळे 'पोरांनी काय बघू नये' यानंच सुरुवात करतात, पण पोरांचं जे आपल्याकडं ठेवलंय ते कोण बघतंय हे आधी बघायला पाहिजे. शेअरिंग जागच्या जागी बंद केलं, राउटरचा पासवर्ड बदलला, बाहेरचं दार लावलं. अर्ध्या तासाचं काम. दोन वर्षं ते अर्ध्या तासासाठी थांबलं होतं.

१२ एप्रिल

मशीनची मोजदाद. आठपैकी पाचांवर विंडोज १०, तिघांवर विंडोज ७. सातचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, म्हणजे पाच वर्षं त्या तिघांना सुरक्षेचा एकही अपडेट नाही. दहाचा यंदा १४ ऑक्टोबरला संपणार. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा फाइली कोंडून खंडणी मागणारा व्हायरस आला तो फाइल शेअरिंगच्या जुन्या वाटेनंच एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरला होता, आणि इथं ऑफिस आणि लॅब एकाच तारेवर.

तिघांवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकायला घेतली. रॅम चार जीबी आहे, पुरते. मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरीत टाइप करायचा कीबोर्ड, चालू करून ठेवला. पोरं मराठी टाइप करताना रोमनमध्येच करतात, ती सवय मोडायला वेळ लागेल पण सुरुवात तरी होईल.

२० एप्रिल

केबल. बेळगावातनं कॅट सिक्सचा, म्हणजे नेटवर्कच्या केबलचा, डबा आणला होता, घरी आल्यावर हातात हलका लागला म्हणून एक तार ब्लेडनं खरवडली तर वरचं तांबं निघून आत पांढरी चकाकी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. असली केबल वाकवली की तुटते, लांब टाकली की नेट रडतं, आणि डब्यावर मात्र कॅट सिक्सच छापलेलं असतं. दुकानदारानं परत घेतली, कुरकुर न करता, ते एक बरं झालं. खऱ्या तांब्याची घेतली, जवळजवळ दुप्पट पैसे. शाळेचं काम करणाऱ्या कुणीही हे खरवडून बघायचं विसरू नये.

सुट्टी असून आठवीत जाणारी दोन पोरं आणि एक पोरगी आली मदतीला. त्यांना क्रिंपिंग, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवणं, शिकवलं. आतल्या आठ तारांचा क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पोरीनं विचारलं, हिरव्याची जोडी फोडून मधी निळी का घातली, शेजारी शेजारी लावली तर काय बिघडतंय. चांगला प्रश्न, कारण मोठी माणसं पण इथंच चुकतात. जोडीतल्या दोन तारा एकमेकीला पीळ घालून असतात, त्या पिळामुळंच बाहेरचा आवाज आत शिरत नाही, आणि तिसऱ्या व सहाव्या पिनेवर एकच जोडी यावी असं ठरलेलं आहे. तिथं दोन वेगळ्या जोड्यांतली एकेक तार गेली की टेस्टरवर आठही दिवे लागतात, सगळं बरोबर दिसतं, आणि नेट मात्र अडखळत चालतं. टेस्टरला जोडी कळत नाही, फक्त तार कळते. तिनं मुद्दाम एक चुकीची वायर बनवून बघितली, दिवे लागले, फाइल कॉपी करायला लावली तर सरकता सरकेना. हसली नाही, वहीत लिहून घेतलं.

लॅब पूर्ण तारेवर ठेवायची हे पक्कं. चिऱ्याच्या भिंतीतनं वायफाय जात नाही हे एक कारण. दुसरं म्हणजे तारेला पासवर्ड नसतो, त्यामुळं तो फुटतही नाही.

११ मे

नुकसान झालं. काल संध्याकाळी वळीव आला, वीज शाळेच्या जवळपास कुठंतरी पडली. दोन इमारतींच्या मधनं मी केबल वरनं नेली होती, खांबाला बांधून, मैदान खणायचं टाळायला. नेटवर्कचा स्विच जळला, त्या टोकाच्या एका कॉम्प्युटरचं लॅन पोर्ट गेलं. ऑफिसचा राउटर वाचला.

चूक माझी आहे, स्पष्ट लिहून ठेवतो म्हणजे पुढच्यानं करू नये. दोन इमारतींच्या मधे उघड्यावर तांब्याची केबल टाकायची नाही. वीज थेट तारेवर पडायचीही गरज नसते. जवळ पडली तरी दोन्हीकडच्या जमिनीच्या व्होल्टेजमध्ये क्षणभर प्रचंड फरक पडतो आणि तो फरक आपल्या केबलमधनं वाट काढतो. फायबर म्हणजे काच, तिच्यातनं वीज वाहत नाही. मधलं अंतर फायबरनंच न्यायला पाहिजे होतं.

आणि अर्थिंग. मल्टिमीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थच्या मधे ३८ व्होल्ट. म्हणजे तीन पिनांचा सॉकेट आहे, तिसऱ्या पिनेला मागं काहीच नाही.

२४ मे

बातम्यांत मान्सून आज केरळात पोचला म्हणून सांगितलं, यंदा आठवडाभर आधीच. इकडं तर आत्तापासूनच चिखल. तीन दिवस गावकऱ्यांनी मैदानात चर मारून दिला, कुणी मजुरी घेतली नाही. पाइप टाकून आतनं फायबर ओढली, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे काचेतला प्रकाश आणि तारेतला सिग्नल एकमेकांत बदलणारे डबे. हे जोडीनं घ्यायचे असतात, एक ए आणि एक बी, कारण एकाच काचेतनं जायला एका रंगाचा प्रकाश आणि यायला दुसरा वापरतात. दुकानातनं दोन्ही ए दिले होते, लिंकचा दिवा लागेना तेव्हा खालचं लेबल वाचलं. त्यात एक दिवस गेला.

अर्थिंगचा खड्डा नव्यानं केला, कोळसा आणि मीठ घालून, वर पाणी ओतायला तोंड ठेवून. आता मीटर दोन व्होल्ट दाखवतोय. उन्हाळ्यात महिन्यातनं एकदा बादलीभर पाणी घालायचं हे शिपाईमामांनी स्वतःहून अंगावर घेतलं.

मग राउटर. पाच पोर्टचा, मायक्रोटिक कंपनीचा, त्याच्यावर तीन व्हीएलॅन, म्हणजे एकाच डब्यावर तीन वेगळी नेटवर्कं. हेडमास्तरांना ते समजावायला बेळगावच्या गल्ल्या कामी आल्या. म्हटलं सर, समजा एक ऑफिस गल्ली, एक लॅब गल्ली, एक मास्तर गल्ली. तिन्ही गल्ल्यांतनं वेशीवर यायला वाट आहे, वेशीतनं बाहेर जायला पण वाट आहे, पण एका गल्लीतनं दुसऱ्या गल्लीत जायला बोळच ठेवलेला नाही. कोण कुठल्या गल्लीतला हे प्रत्येक पाकिटावर लिहिलेलं असतं आणि वेशीवरचा राखणदार ते वाचून सोडतो. सर म्हणाले, "मग ते आधारचं कपाट ऑफिस गल्लीत, आणि पोरं त्या गल्लीत शिरूच शकत नाहीत, असंच नव्हं?" तसंच.

लॅबमधल्या तीन नंबरवर पुन्हा त्यांनाच बसवलं. नेटवर्क उघडलं. रिकामं.

२ जून

शाळा सुरू होऊन तीन-चार दिवस झाले. फिल्टरचं काम.

मोठं महागडं यंत्र न घेता डीएनएसवर भागवायचं ठरवलं. कुठल्याही साइटवर जाण्याआधी मशीन तिच्या नावाचा पत्ता विचारतं, तो पत्ता सांगणारा जर चांगला निवडला तर वाईट नावांचा पत्ता तो देतच नाही. क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठीची सेवा १.१.१.३ ही फुकट आहे, २०२० पासून चालू आहे, व्हायरसवाल्या आणि प्रौढांच्या साइट अडवते. लॅब गल्ली तिच्यावर. गुगलचं सेफसर्च राउटरवरनंच कायमचं चालू ठेवलं, ब्राउझरमधनं बंद होत नाही. यूट्यूबला पाच वेगवेगळी नावं आहेत, मोबाइलचं वेगळं, ॲपचं वेगळं, एकच वळवून भागत नाही, पाचही मर्यादित मोडकडं वळवावी लागतात. कडक मोडमध्ये कॉमेंट पण दिसत नाहीत, हा फायदाच.

पळवाटा बुजवल्या. पत्ता विचारायची नेहमीची वाट म्हणजे ५३ नंबरचं पोर्ट, तिथनं कुणी दुसऱ्या कुणाला पत्ता विचारला तरी राउटर तो प्रश्न मधेच पकडून स्वतःकडं वळवतो. तोच प्रश्न झाकून विचारायचं ८५३ नंबरचं पोर्ट बंद. फायरफॉक्स स्वतःचं गुपचूप डीएनएस वापरू शकतो, त्यासाठी एक ठरलेलं नाव आहे, त्याचं उत्तर 'असं काही नाही' असं दिलं की तो आपणहून थांबतो.

आणि याला काय जमत नाही तेही हेडमास्तरांना सांगितलं. डीएनएसला घराचं नाव कळतं, आत काय चाललंय ते कळत नाही. काल रात्री जन्मलेली फसवणुकीची साइट कुठल्याच यादीत नसते. शब्दांवरनं अडवणारे फिल्टर मिळतात, पण त्यांच्या याद्या मुख्यतः इंग्रजी, आपल्या पोरांनी मराठीत किंवा रोमन अक्षरात मराठी किंवा कन्नड टाइप केलं तर त्या याद्यांना काय कळणार. म्हणून शब्दांचा फिल्टर घेतलाच नाही.

१४ जून

विज्ञानाच्या बाईंचा फोन. परागीभवनाचा मराठी व्हिडिओ लॅबमध्ये दिसत नाही, घरी मोबाइलवर दिसतो. कडक मोडनं गाळला. लहान मराठी चॅनेल बरीच अशी गळतात असं या दोन आठवड्यांत दिसलं, तेच इंग्रजीतलं सहज लागतं. इंग्रजी शाळेपेक्षा मराठी शाळेला याची झळ जास्त बसते, हे मला टोचतंय. कडक ऐवजी मध्यम करून बघितलं, तो व्हिडिओ आला. मग ठरलं, लॅब मध्यमवर, आणि मास्तर गल्लीत यूट्यूबला मोकळीक, बाई आधी बघून प्रोजेक्टरवर लावतील.

पाऊस एवढा की आठवड्यात दोनदा फायबर तुटली, झाडं पडतात. त्यासाठी विंडोज ७ वाल्यातलंच एक मशीन बाजूला काढून किविक्स हे नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यावर सगळा मराठी विकिपीडिया डाउनलोड करून ठेवला. नेट नसताना लॅब गल्लीतनं सगळ्यांना उघडतो. सातवीतल्या एकानं मलप्रभा नदी शोधली, कणकुंबीला उगम लिहिलेला बघून, "आमची कणकुंबी हितं हाय की" म्हणून सगळ्यांना गोळा केलं.

२ जुलै

आठवीतला एक मुलगा मला फाटकापाशी गाठून म्हणाला, सर, मी डीएनएस बदलून गुगलचं ८.८.८.८ टाकलं तरी का चालत नाही? कुठं शिकलास तर म्हणाला भावाच्या मोबाइलवर बघितलं. त्याला ५३ पोर्टचं सांगितलं, वेशीवरच्या राखणदाराला चकवायचं म्हणून पत्र दुसऱ्याच्या नावानं लिहिलंस तरी पत्र त्याच्याच हातातनं जातं. पटलं त्याला.

मग विचारलं बघायचं काय होतं. कुस्ती. कुठल्यातरी मैदानाचं लाइव्ह होतं, मोठ्या सुट्टीत दहा मिनिटं बघायचं होतं. माझ्या यादीत मी खेळ आणि स्ट्रीमिंगच्या साइट सरसकट टाकल्या होत्या, सुरक्षेसाठी नव्हे, लाइन हळू होऊ नये म्हणून. ती यादी काढून टाकली आणि लाइनसाठी वेग वाटून देण्याचा नियम लावला, एका मशीनला ठराविकच. पोराला घातक म्हणून अडवणं वेगळं आणि आपल्याला सोयीचं नाही म्हणून अडवणं वेगळं, दोन्हीला एकच कुलूप लावलं की पोरं दोन्ही कुलुपं सारखीच मानतात आणि दोन्ही फोडायला बघतात.

२६ जुलै

आजची नोंद मोठी होणार.

सातवीतली एक मुलगी तीन दिवस लॅबच्या तासाला येत नव्हती, पोटात दुखतंय म्हणून वर्गातच बसायची. मैत्रिणीनं गणिताच्या बाईंना हळूच सांगितलं. झालं असं की ती स्कॉलरशिपची माहिती शोधत होती, एका दुव्यावर क्लिक केलं आणि स्क्रीनभर लाल पान आलं, तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा, आणि मोठा टूं टूं आवाज. तिनं घाबरून मागची वायर उपटली आणि गप्प बसली. तिला वाटलं कॉम्प्युटर आपल्या हातून मेला, आता बाबांना पैसे भरावे लागणार. बाबा काजूच्या बागेत रोजगारावर जातात.

कॉम्प्युटरला काहीही झालं नव्हतं. ते नुसतं एक पान होतं, घाबरवून फोन करायला लावायचं आणि मग पैसे काढायचे एवढाच त्यांचा धंदा. माझा फिल्टर ते अडवू शकला नाही कारण नाव नवीन होतं.

मला ते पान येण्याचं एवढं वाईट वाटलं नाही, ते येणारच. तीन दिवस एक पोरगी पोटात भीती घेऊन फिरली आणि आमच्या सगळ्या व्हीएलॅन, पोर्ट, याद्यांना ते कळलं नाही, त्याचं वाटलं.

दुपारी शिक्षकांची बैठक घेतली. एका सरांनी विचारलं, "पोरांना अजून कडक करूया काय?" मी म्हटलं उलट करूया. आधी नियमांचा कागद माझ्या भाषेत होता, 'अनधिकृत संकेतस्थळांस भेट देऊ नये' असला. तो फाडला. बाईंनी पोरांनाच विचारून नवा लिहिला. पहिला नियम असा झाला : स्क्रीनवर काहीही भीतीचं, घाणेरडं, पैशाचं दिसलं तर हात वर करायचा, सांगणाऱ्याला कुणी रागवणार नाही, कॉम्प्युटर बिघडला तरी पैसे मागणार नाही. हेडमास्तरांनी त्याच्या खाली सही केली आणि शिक्का मारला. शिक्का पोरांना फार पटला.

मग सगळ्या वर्गांना ते लाल पान बनवून दाखवलं, माझ्या लॅपटॉपवर, आवाजासकट. एकेकाला बोलावून आल्ट आणि एफ फोर दाबून बंद करायला लावलं. ती मुलगी आधी मागं उभी होती. तिच्या पाळीला तिनं दोनदा बंद केलं, दुसऱ्यांदा आवाज पूर्ण वाजू दिला आणि मग.

शिक्षकांना सायबर फसवणुकीसाठीचा १९३० नंबर सांगितला, पैसे गेले तर पहिल्या तासाभरात फोन करायचा. आणि १०९८, मुलांसाठीचा. दोन्ही लॅबच्या भिंतीवर रंगवून घेतले, मराठी आणि कन्नड दोन्हीत, पोरांच्या घरी दोन्ही आहेत.

२ ऑगस्ट

एसडीएमसीची, म्हणजे पालकांच्या शाळा समितीची, बैठक. २०२३ ला मंजूर झालेला, पण अजून लागू न झालेला डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो, हे साध्या भाषेत सांगितलं. एक आई म्हणाली, माझ्या पोरीचा फोटो नावासकट कुणाच्या तरी स्टेटसला होता, मला आवडलं नाही पण मास्तरांना कसं सांगायचं. ते त्याच बैठकीत ठरलं, नावासकट फोटो टाकायचा नाही. राउटरवरच्या नोंदी किती दिवस ठेवायच्या तेही ठरलं, ३० दिवस, आणि कुठल्या पोरानं काय बघितलं याची यादी मुळीच नाही, फक्त काय अडलं ते.

२२ ऑगस्ट

हेडमास्तरांची बदली झाली. पुढच्या आठवड्यात चवथ, त्या आधीच जाणार. एका परीनं मी याची वाटच बघत होतो, कारण शाळेची नेटवर्कं बहुतेक बदलीत मरतात. पासवर्ड एका माणसाच्या डोक्यात असतो, तो माणूस जातो, नवा येतो, कुणीतरी येऊन रिसेटचं बटण दाबून देतं आणि सगळं परत एप्रिलसारखं.

जूनमध्येच लिफाफा केला होता. आत सगळे पासवर्ड, नकाशा, कुठली वायर कुठं, काय झालं तर काय करायचं, दोन पानं. तोंडावर हेडमास्तर आणि गणिताच्या बाई दोघांच्या सह्या, अशा की फोडल्याशिवाय उघडत नाही. कपाटात सर्व्हिस रजिस्टरच्या खाली. शेजारी एक जोडीचा राउटर, सगळं भरून तयार, नुसत्या वायरी बदलायच्या. प्रत्येक वायरीला आणि प्रत्येक पोर्टला रंगीत पट्टी, लाल ऑफिस, हिरवी लॅब, पिवळी मास्तर, पांढरी बाहेरची. जोडीच्या राउटरला पैसे कशाला घालवायचे असं काहींचं म्हणणं होतं, माजी विद्यार्थ्यांनी ऐकलं आणि दिला.

१८ सप्टेंबर

सकाळी नव्या हेडमास्तर मॅडमचा फोन, रात्री गडगडलं, सकाळपासून राउटरचे दिवे लागत नाहीत. मला लगेच तिकडं जाणं जमण्यासारखं नव्हतं. म्हटलं मॅडम, लिफाफा उघडा.

मॅडम बैलहोंगलकडच्या. मराठी चांगलं बोलतात, पण वाचायची सवय नाही. माझी दोन पानं मराठीत. फोनवर त्या अक्षर अक्षर लावायला लागल्या, "हे 'जोडणी' काय, 'तोडणी' काय?" आणि मला उमगलं की मी सगळ्या पोरांच्या भिंतीवर दोन भाषा लिहिल्या आणि जिथं खरी गरज पडणार त्या कागदावर एकच. गणिताच्या बाई आल्या, त्यांनी वाचून सांगितलं, मॅडमनी रंग बघून वायरी बदलल्या. लाल लालात, हिरवी हिरव्यात. वीस मिनिटांत लॅब चालू.

त्याच आठवड्यात ओळखीच्या एका कन्नड शिक्षकांकडनं दोन्ही पानं कन्नडमध्ये करून घेतली, त्यांच्याकडनंच मॅडमना वाचून दाखवली आणि अडलं तिथं बदललं. सगळे पासवर्डही बदलले, फुटलेल्या लिफाफ्यातले परत वापरायचे नाहीत.

१४ ऑक्टोबर

आज विंडोज १० चा सपोर्ट संपला. शाळा बंदच आहे, राज्य सरकारच्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणामुळं दसऱ्याची सुट्टी १८ पर्यंत लांबली, शिक्षक घरोघर फिरताहेत. पाचातल्या चार मशीनवर मिंट टाकलं. पाचवं ऑफिसला लागतं, प्रिंटरचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टची वर्षभराची जादा अपडेट घेता येतात ती घ्यायची आहेत. सुट्टीत उंदरांनी लॅबची एक वायर खाल्ली होती. आठवीतल्या त्या पोरीला निरोप पाठवला, तिनं येऊन नवं टोक लावलं, टेस्टर लावायच्या आधी तिसरी आणि सहावी तार डोळ्यांजवळ धरून बघितली.

७ नोव्हेंबर

लिफाफ्याचा सराव, न सांगता. मी ऑफिसात बसून राउटरची वायर काढली आणि मॅडमना म्हटलं, नेट गेलं. गणिताच्या बाई रजेवर होत्या, ते बघूनच आजचा दिवस धरला होता.

मॅडमनी कपाट उघडलं, सह्या तपासल्या, लिफाफा फोडला, कन्नडचं पान वर काढलं. बोट फिरवत वाचलं. आधी डब्याचे दिवे बघितले, फायबरचा लाल दिवा लागलाय का, नाही, म्हणजे बाहेरची लाइन ठीक. मग राउटर. पांढऱ्या पट्टीची वायर लोंबत होती ती हातात घेऊन माझ्याकडं बघितलं आणि पांढऱ्या पोर्टात खोचली. सात मिनिटं. मला एकदाही काही विचारलं नाही.

पासवर्ड परत बदलले, आता त्यांनीच टाइप करून. नवा लिफाफा केला, तोंडावर त्यांची कन्नड सही, मी सोमवारी बाईंची मराठी सही घ्यायची आठवण करून दिली. डिसेंबरमध्ये जायचं ठरलं नाही, त्यांनी बोलावलं तरच.

अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचं मार्चमध्ये चालू करायचं, शिपाईमामांना सांगितलंय.